बैठकीत सगळ्यांचा निर्णय व्हावा म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली भागात बैठका काही कमी होत नाहीत. बचत गट, पाणी वापर संस्था, यात्रा कमिटी, गणेश मंडळ, दूध संस्था, अपार्टमेंटची सोसायटी, ग्रामसभा. या बैठकांच्या आधी आणि नंतर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. तुमच्या संस्थेचे पोटनियम असतील तर आधी ते वाचा. इथलं सांगणं त्यांच्या जोडीनं घ्यायचं आहे.

आमच्याकडे आजवर सगळे ठराव सर्वानुमते झालेत. मग बदलायचं काय?

प्रोसिडिंग बुक, म्हणजे बैठकीचे ठराव लिहायची वही, काढा आणि गेल्या दोन-तीन वर्षांची पानं चाळा. सूचक आणि अनुमोदक म्हणून कोणाची नावं दिसतात? तीच चार-पाच नावं आलटूनपालटून येत असतील, तर बाकीची माणसं खरोखर राजी होती की नुसती हजर होती, हे त्या पुस्तकावरून कळत नाही.

आपल्याकडे प्रस्तावाला विरोध केला की तो माणसाला विरोध केला असं धरतात. समोर बसलेले आबा उद्या बांधावर भेटणार असतात, पेरणीला ट्रॅक्टर त्यांचाच लागतो, घरात कार्य निघालं तर पहिला निरोप त्यांनाच जातो. मग माणूस बैठकीत गप्प बसतो आणि बाहेर येऊन पारावर बोलतो. पारावरचं बोलणं बैठकीत यावं आणि ते बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू नये, एवढीच अपेक्षा आहे.

निर्णय न्याय्य झाला की नाही, हे ओळखायचं कसं?

प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारा: याचा भार कोणावर पडणार? भार म्हणजे फक्त वर्गणी नव्हे. जागरण, हेलपाटे, बुडालेली मजुरी, घरातली वाढलेली कामं हेही त्यात आलं. ज्यांच्यावर भार पडणार त्यांना ठरवायच्या आधी विचारलं का, की ठरल्यावर कळवलं, एवढं तपासलं तरी पुष्कळसा उलगडा होतो.

कृष्णाकाठच्या उपसा योजनेवरच्या पाण्याच्या पाळीचं उदाहरण घेऊ. शेतीची वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. बैठकीत ठरतं की प्रत्येकाला एकरी सारखेच तास आणि पाळी वरून खाली क्रमानं. ऐकायला अगदी समान. पण शेवटच्या टोकाला ज्या बाईचं अर्धा एकर रान आहे, तिची पाळी क्रमानं दर वेळी रात्री दोनलाच येते. नवरा मुंबईला, घरात सासू आणि दोन लेकरं. बॅटरी घेऊन, उसाच्या सरीतून, बिबट्याच्या भीतीनं तिनं एकटीनं दारं मोडायची, म्हणजे एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं. तास सारखे वाटले गेले, रात्र मात्र एकाच घराच्या वाट्याला आली. यावर उपाय सोपा आहे: दर फेरीला पाळीची सुरुवात वेगळ्या टोकापासून करायची, म्हणजे रात्र सगळ्यांमध्ये फिरते. पण तो सुचायला ती बाई बैठकीत असावी लागते आणि तिला बोलता यावं लागतं. वरच्या टोकाच्या माणसाच्या हे मनात येत नाही. त्यात त्याची वाईट बुद्धी नसते, रात्रीच्या दोनची पाळी त्यानं कधी काढलेलीच नसते.

सिंचनाच्या कायद्यानं हे ओळखलं आहे. पाणी वापर संस्थांसाठीच्या २००५ च्या राज्य कायद्यात संचालक मंडळावर कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि टेलच्या भागाला सारखं प्रतिनिधित्व दिलं आहे. तुमची संस्था या कायद्याखाली येत नसली तरी हा नियम उचलण्यासारखा आहे.

अजेंडा कोणी ठरवायचा?

बहुतेक ठिकाणी अध्यक्ष आणि सचिव ठरवतात. काम म्हणून ते ठीक आहे, पण विषय सुचवायचा हक्क सगळ्यांना हवा. नोटीस निघायच्या आठवडाभर आधी विषय मागवा. देवळाच्या भोंग्यावरून सांगा, अंगणवाडीत कागद लावा, दूध संकलन केंद्रावर लावा. दूध घालायला सकाळ-संध्याकाळ बायका आणि पोरंही येतात, तिथं लावलेली नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यापेक्षा जास्त वाचली जाते.

आणि ‘आयत्या वेळी येणारे विषय’ यावर बारीक लक्ष ठेवा. किरकोळ गोष्टींसाठी ती सोय आहे. पण बैठक संपत आली, लोक उठायला लागले की शेवटच्या पाच मिनिटांत तिथूनच मोठा खर्च किंवा जागेचा विषय पुढे सरकतो. नियम करून टाका: पैसा, जागा आणि पाणी यांचा एकही विषय आयत्या वेळी मंजूर होणार नाही, तो पुढच्या बैठकीच्या नोटिशीत येईल. तसंच कोऱ्या पानावर आधी सह्या घेऊन मागाहून ठराव लिहायची सवय तर आजच मोडा. ठराव बैठकीतच लिहायचा, मोठ्यानं वाचायचा, मग सह्या.

महिला बैठकीला येतात, पण बोलत नाहीत. त्यांना बोलतं कसं करायचं?

आधी बैठकीची वेळ बघा. संध्याकाळी सातला बैठक ठेवली तर ती चुलीपुढची वेळ आहे, बाईचं निम्मं लक्ष घरी असणार. मग बसण्याची पद्धत बघा. पुरुष खुर्च्यांवर आणि बायका मागं सतरंजीवर, ही मांडणी असेपर्यंत मागून आवाज येणं अवघड. सगळे खाली गोल बसा किंवा सगळे खुर्चीवर बसा.

पन्नास पुरुष वळून बघत असताना ‘वहिनी, तुमचं काय म्हणणं?’ असं एकदम विचारणं हे आमंत्रण नाही, ती परीक्षा आहे. त्यापेक्षा विषय मांडून झाला की दहा मिनिटं थांबा, चार-चार जणींनी आपसात बोलावं, आणि प्रत्येक घोळक्यातून एकीनं सगळ्यांचं मिळून सांगावं. ‘आमचं असं म्हणणं आहे’ हे ‘माझं असं म्हणणं आहे’ यापेक्षा उच्चारायला फार सोपं जातं.

महिलांची वेगळी बैठक आधी घेणं हाही चांगला मार्ग आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं आपल्या राज्यात कायद्यानंच बंधनकारक आहे. ती कागदावर उरकली जाते तिथं काही घडत नाही, पण मनापासून घेतली तर काय होतं याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर महिलांच्या सभेत मुलांच्या मोबाइलचा आणि घरातल्या टीव्हीचा विषय निघाला. त्यातून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायचा आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचा, असा नेम गावानं सुरू केला. नुसता ठराव करून गाव थांबलं नाही, घरोघरी जाऊन समजावलं गेलं. ज्यांना घरात हा त्रास रोज सोसावा लागत होता, विषय त्यांच्याकडूनच आला म्हणून तो टिकला, असं माझं मत आहे.

पंचायत राज संस्थांत महिलांना २०११ पासून निम्म्या जागा आहेत. पण खुर्चीवर ताई आणि बोलणार ताईंचे मालक, हे अजून अनेक गावांत चालतं. बैठक चालवणाऱ्यानं तिथं नम्रपणे पण स्पष्ट सांगावं, ‘दादा, सदस्य ताई आहेत, त्यांना बोलू द्या.’ एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा फारसं सांगावं लागत नाही.

वडीलधारी माणसं आधी बोलली की तरुण गप्प बसतात. त्यांचा मान राखून हे कसं बदलायचं?

क्रम उलटा करा. सगळ्यांत लहान आधी, सगळ्यांत मोठे शेवटी. शेवटचा शब्द थोरांचा असतो ही आपलीच रीत आहे, त्यामुळे यात कोणाचा अपमान होत नाही. उलट तात्यांना सगळ्यांचं ऐकून बोलता येतं.

सोलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. कागदावरच्या तीन रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कोणती, एवढंच सांगायचं होतं. खोलीतल्या बाकीच्यांना आधीच पढवून ठेवलं होतं आणि ते सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. बरोबर उत्तर डोळ्यांसमोर असूनही खऱ्या सहभागी लोकांनी अशा फेऱ्यांमध्ये जवळपास एक तृतीयांश वेळा गटाचं चुकीचं उत्तर उचललं. पण घोळक्यात एकानं जरी खरं उत्तर दिलं, तर हे प्रमाण एकदम घसरत असे. बैठक चालवणाऱ्यासाठी यातली ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे. वेगळं बोलणारा पहिला माणूस मिळाला की दुसऱ्याची वाट मोकळी होते. म्हणून मोठ्या विषयाला आधीच कोणाला तरी सांगून ठेवा, ‘तू या प्रस्तावातल्या अडचणी मांड.’ ते त्याला नेमून दिलेलं काम असलं की कोणी राग धरत नाही.

एकमत व्हावं की मतदान घ्यावं?

विषयावर अवलंबून आहे. मंडपाचा रंग, सहलीचं ठिकाण, कार्यक्रमाची वेळ अशा गोष्टींना हात वर करून मोजा आणि पुढे चला. त्यात एकमताचा हट्ट म्हणजे सगळ्यांचा वेळ जातो. पण ज्यात काही घरांचं कायमचं नुकसान होऊ शकतं, रस्ता, जागा, पाणी, एखाद्याची परंपरेनं आलेली जबाबदारी, तिथं ५१ विरुद्ध ४९ नं निर्णय घेऊ नका. तो टिकत नाही आणि जखम राहते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावानं सर्वसहमतीनं निर्णय घ्यायची रीत अनेक वर्षं चालवली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. घोषणा सगळीकडे पोचली, पण त्यामागचा अभ्यास गट फारसा कोणी उचलला नाही. निर्णयाची सभा वेगळी आणि विषय समजून घ्यायची बैठक वेगळी, असं त्यांनी ठेवलं. अभ्यास गटात कोणीही यावं, प्रश्न विचारावेत, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावं, पण तिथं ठरवायचं काही नाही. ठरवायचं दडपण नसलं की माणसं मोकळी बोलतात. आपल्याकडे एकाच बैठकीत माहिती, चर्चा, भांडण आणि ठराव हे सगळं उरकायला बघतो, म्हणून शेवटी फक्त भांडण उरतं.

मतदान घ्यायचं ठरलंच तर किती मतांनी मंजूर, हे मतदानाआधी ठरवा. दारूबंदीचं मतदान आठवा. मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे बंदी आणि उभी बाटली म्हणजे दुकान चालू. तिथं आलेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त असून चालत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. म्हणजे घरी राहिलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते. या अटीमुळे काही गावांत आलेल्यांपैकी बहुसंख्य जणी बंदीच्या बाजूनं असूनही दुकान चालू राहिलं. अट कडक असावी की सैल, यावर दोन मतं असू शकतात, पण ती आधीच सगळ्यांना ठाऊक हवी.

नाजूक विषयाला मतदान गुप्तच घ्या. डबा आणि चिठ्ठ्या लागतात, दुसरं काही नाही.

पर्याय तीन-चार असतील तर?

इथं साधी मोजणी फसवते. समजा शंभर घरांच्या वस्तीत यात्रेतून उरलेला पैसा कुठं घालायचा हे ठरवायचंय. ४० घरांना सभामंडप हवा, ३५ घरांना पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण यंत्र, २५ घरांना शाळेची दुरुस्ती. हात वर केले तर सभामंडप जिंकला. पण उरलेल्या ६० घरांच्या यादीत सभामंडप सगळ्यांत शेवटी आहे! त्याऐवजी प्रत्येकानं पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहावी आणि त्यांना ३, २, १ असे गुण द्यावेत. सभामंडपवाल्यांची आणि शाळावाल्यांची दुसरी पसंती पाण्याला, आणि पाणीवाल्यांची शाळेला असेल, तर गुण होतात पाणी २३५, शाळा १८५, सभामंडप १८०. बहुतेकांना चालेल असा पर्याय वर येतो. अठराव्या शतकात फ्रान्सच्या बोर्दा या गणितज्ञानं ही रीत मांडली. पसंतीक्रम लिहिणं आपल्याला नवं नाही, पुणे पदवीधर मतदारसंघात सातारा-सांगलीचे पदवीधर तसंच मत देतात, फक्त तिथली मोजणी वेगळी असते.

चिठ्ठी टाकून ठरवणं योग्य आहे का?

हो, सगळ्यांचा हक्क सारखा असेल आणि वस्तू एकच असेल तेव्हा. पहिली पाळी कोणाची, कोपऱ्यातला गाळा कोणाला, पहिलं कर्ज कोणाला. निवडणुकीत समान मतं पडली तरी चिठ्ठीच काढतात. पण गरज कमी-जास्त असेल तर चिठ्ठी टाकू नका. बचत गटात एकीला दवाखान्यासाठी आणि दुसरीला घराच्या रंगासाठी पैसे हवे असतील, तर तो निर्णय चिठ्ठीवर सोडणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

जो जास्त वर्गणी देतो त्याचा शब्द जास्त चालावा का?

नाही. सहकाराचा पायाच एक सभासद एक मत हा आहे, शेअर कितीही असोत. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात तो लिहिलेला आहे आणि हा भाग सहकारावर उभा राहिला.

त्याहून पुढं गेलेली माणसंही याच मातीत झाली. १९८० च्या दशकात येरळा नदीवर, खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं बळीराजा स्मृती धरण बांधायला घेतलं. नदीच्या वाळूचा पैसा ठेकेदाराला न जाता धरणाला लागावा, ही त्यांची मागणी होती. आणि पाणी वाटताना भूमिहीनांनाही वाटा ठेवला गेला. ज्याला रान नाही त्याला पाणी कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल. उत्तर असं की नदी रानाच्या मालकीची नाही. त्याआधी पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं जमिनीऐवजी घरातल्या माणसांवर पाणी वाटलं: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. पुढं आटपाडी भागात समन्यायी पाणीवाटपाची जी चळवळ उभी राहिली, तिचा धागा इथपर्यंत येतो. तुमची योजना लहान असली तरी वाटपाचा आधार काय, रान की माणूस, हा प्रश्न सभेत मोकळेपणानं मांडा. तो न मांडताच बहुतेक योजना रानावर जातात.

मुंबईकर मंडळींना, भाडेकरूंना, बाहेरून आलेल्या मजुरांना मत द्यायचं का?

तिघांचा प्रश्न वेगळा आहे. मुंबई-पुण्याला गेलेल्यांचं गावावर प्रेम आहे, यात्रेची मोठी वर्गणी तेच देतात. पण रोजच्या गोष्टी, कचरा, पाण्याची वेळ, रस्ता, यात गावात राहणाऱ्यांचा शब्द आधी असावा. देवळाच्या किंवा वाडवडिलांच्या सामाईक जागेच्या विषयाला मात्र त्यांना वेळेवर कळवा आणि बैठक यात्रेच्या किंवा गणपतीच्या सुट्टीत ठेवा.

सोसायटीत भाडेकरूला सभासदाचं मत नसतं. तरी पाणी सोडायची वेळ आणि पार्किंग त्याच्याच अंगावर येतं, म्हणून त्याचं म्हणणं ऐकून त्याची नोंद घ्यावी.

उसतोडीला आलेली माणसं तर कोणाच्याच यादीत नसतात. हंगामात महिनोन्‌महिने गावाच्या कडेला खोपी टाकून राहतात, पाणी आणि उजेडाचा निर्णय मात्र त्यांना वगळून होतो. बैठकीच्या आधी दोघांनी खोपीवर जाऊन मुकादमाला नव्हे, तिथल्या बायकांना विचारून यावं.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठरवलं तर?

निरोप द्या, कागद पाठवा, पण ठरवू नका. ज्यांच्याकडे साधा फोन आहे ते सुटतात आणि अंगठ्याच्या चित्राला संमती म्हणता येत नाही.

बैठकीला माणसंच येत नाहीत. कोरम भरत नाही.

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेला मग कोरमची अट राहत नाही. या सोयीचा गैरवापर सगळ्यांना माहीत आहे: पहिली सभा पडू द्यायची आणि पुढची दहा जणांत उरकायची. तुमच्या गटात तहकूब बैठकीत फक्त नोटिशीतलेच विषय घ्यायचे, एवढा तरी नियम ठेवा. लोक का येत नाहीत याचं कारण बहुधा एकच असतं: आलं काय, न आलं काय, ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं. एकदा तरी बैठकीत बोललेल्या साध्या माणसाच्या सूचनेनं ठराव बदलला, हे दिसलं की गर्दी वाढते.

एकच माणूस अडून बसला तर?

त्याला विचारा, ‘काय बदललं तर तुम्हाला चालेल?’ उत्तर मिळालं तर बोलणी होऊ शकतात. उत्तर नसेल तर त्याचा विरोध कारणासह प्रोसिडिंगमध्ये नोंदवा आणि पुढे जा. पण नोंदवा नक्की. नाव आणि कारण लिहिलं गेलं की बऱ्याच माणसांचं समाधान होतं.

निवडणूक बिनविरोध केली तर भांडणं टळतात ना?

टळू शकतात, जर सगळ्यांनी बसून नावं ठरवली असतील तर. पण बोली लावून सरपंचपद देण्याचे प्रकार राज्यात घडले आहेत. २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका याच कारणानं रद्द केल्या. देवळासाठी पैसा गोळा होतो म्हणून त्याला गावाचं भलं म्हणता येत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही त्याची उमेदवारी तिथंच संपते.

ठराव न पाळणाऱ्याचं काय करायचं? आमच्याकडे बोलणं बंद करतात.

हे थांबवा. कोणाला वाळीत टाकणं, त्याच्या कार्याला जाऊ नये म्हणून सांगणं, दुकानातून माल न देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘सगळ्यांनी मिळून ठरवलं’ हा त्यात बचाव होत नाही. हा कायदा येण्यामागं साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्थापलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जातपंचायतींविरुद्धची मोहीम होती.

संस्थेच्या नियमात लिहिलेला माफक दंड ठेवा, तो सगळ्यांना सारखा लावा, अध्यक्षांच्या भावालाही. आणि आधी जाऊन विचारा की पाळता का आलं नाही. पुष्कळदा ठरावच त्या घराला न झेपणारा असतो.

ठरलेलं चुकीचं निघालं तर बदलता येतं का?

येतं, आणि तशी सोय ठरावातच ठेवा. ‘हा ठराव सहा महिन्यांसाठी आहे, अमुक महिन्याच्या बैठकीत पुन्हा विषयावर येईल’ असं एक वाक्य प्रोसिडिंगमध्ये लिहा. पाणीपाळीचा ठराव असेल तर फेरविचार उन्हाळा सुरू व्हायच्या आत ठेवा, कारण टंचाईत कोणी शांतपणे बोलत नाही. वर्गणीचा असेल तर यात्रा झाल्यावर महिनाभरात, हिशोब डोळ्यांसमोर असताना. फेरविचाराच्या बैठकीत पहिलं बोलणं ज्यांना त्रास झाला त्यांचं, मग ज्यांना फायदा झाला त्यांचं. अध्यक्षांनी त्या दिवशी ठरावाची बाजू मांडू नये, फक्त ऐकून लिहून घ्यावं.